सरकणाऱ्या काठावरचे वेखंड

दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात, एका शेतकरी कुटुंबाने चार पावसाळ्यांच्या अवधीत वेखंड लावण्याचे तीन प्रयत्न केले. त्यांतले दोन पूर्ण फसले. तिसरा शेततळ्याच्या ज्या काठासाठी हा सगळा खटाटोप होता तिथे फसलाच, पण ज्या जागेचा कोणी विचारही केला नव्हता तिथे साधला. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि या प्रकरणात मला बोलावणे आले ते दुसऱ्या फसगतीनंतर. त्यापूर्वीची हकिकत मी त्या घरातल्या माणसांकडून ऐकलेली आहे, पुढची स्वतः पाहिलेली आहे.

शेततळे जुने, ओढ्याच्या वळणावर खोदलेले आणि अस्तर नसलेले होते. डाळिंबासाठी पाणी साठवणारी शेततळी आता सोलापूर जिल्ह्यात जागोजागी दिसतात, पण त्यांच्या पोटात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्यांच्या काठावर काहीही उगवू नये अशीच त्यांची रचना असते. हे तळे त्या प्रकारचे नव्हते. वर काळी माती, खाली मुरूम, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आत यावे आणि हळूहळू जिरून खालच्या विहिरीला पाझर मिळावा एवढाच त्याचा उद्देश. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात भेगांसकट ढासळते, त्यामुळे तळ्याची कड दरवर्षी थोडी खचत होती. कडेला मुळे धरणारे काहीतरी लावावे, आणि लावायचेच तर उपयोगाचे लावावे, या विचाराने कुटुंबप्रमुखाने, ज्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात त्यांनी, वेखंडाची निवड केली. निवडीमागे त्यांच्या आईचा आग्रह होता. आजींच्या मते वेखंड नसलेले घर हे घरच नव्हे: ज्वारीच्या कणगीत वेखंड, कपड्यांच्या ट्रंकेत वेखंड, बाळंतिणीच्या खोलीत वेखंडाची धुरी आणि बाळाच्या टाळूला वेखंडाची पूड.

पहिल्या वर्षीची चूक सांगताना अण्णा स्वतःच हसतात. त्यांनी सोलापूरच्या बाजारातून काष्ठौषधीच्या दुकानातून पावशेर वेखंड आणले, रात्रभर भिजवले आणि जूनमध्ये तळ्याच्या कडेने हातभर अंतरावर पुरले. दुकानातले वेखंड म्हणजे खणून काढलेला, तंतुमुळे सोलून टाकलेला, बोटभर तुकडे करून उन्हात वाळवलेला कंद. त्यातले डोळे केव्हाच मेलेले असतात. हळकुंड पेरून हळद येत नाही, हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्या शेतकऱ्यानेही वेखंडाच्या बाबतीत ही चूक करावी, याचे कारण मला त्याच्या निष्काळजीपणात नव्हे तर वेखंडाशी असलेल्या आपल्या विचित्र ओळखीत दिसते.

या घरात वेखंड सगळ्यांना माहीत होते, आणि तेही तीन भाषांत. थोरल्या सुनेचे माहेर कन्नड, ती त्याला बजे म्हणते. शेजारच्या वस्तीवर राहणारे, पूर्वी शहरात यंत्रमागावर काम केलेले तेलुगू कुटुंब त्याला वस म्हणते, आणि फार बडबड करणाऱ्या पोराला त्यांच्यात वसपिट्टा म्हणतात, कारण वेखंड चाटवले की वाचा फुटते ही समजूत तिथेही आहे. संस्कृतातले वचा हे नाव बोलणे या अर्थाच्या धातूशी जोडले जाते, आणि उग्रगंधा व षड्ग्रंथा ही त्याची आणखी दोन नावे त्याच्या वासाचे आणि पेरापेराच्या कंदाचे वर्णन करतात. एवढी नावे, एवढे उपयोग, पण त्या सगळ्यांपैकी एकानेही वेखंडाचे जिवंत, हिरवे झाड पाहिलेले नव्हते. ज्याला आपण वेखंड म्हणून ओळखतो तो एक वाळका, तपकिरी, तीव्र वासाचा तुकडा असतो. तो पाण्याकाठी तलवारीसारख्या पानांनी उभा राहणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतीचा भाग आहे, ही गोष्ट आपल्या कोरड्या मुलखात कोणाच्या डोळ्यांपुढे कधी येतच नाही. दुसरी चूक नेमकी याच पोकळीतून घडली.

कंद उगवले नाहीत म्हणून अण्णा हळहळत असताना, त्याच ऑगस्टमध्ये शेतावरच्या एका माहीतगार गड्याने जवळच्या तलावाच्या सांडव्याखालून भाराभर रोपे उपटून आणली. लांब, सरळ, पात्यासारखी पाने, बुडाला पंख्यासारखी एकात एक बसलेली, खाली चिखलात आडवा पांढरट कंद. वर्णन ऐकले तर वेखंडच. रोपे लावली, ती बघता बघता फोफावली, तळे आटू लागले तसे त्यांचे कंद पाण्यामागे आत आत सरकले, उन्हाळ्यात पाने करपली तरी कंद तळाच्या गाळात जिवंत राहिले, आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरुषभर उंचीच्या त्या दाटीतून तपकिरी, मखमली कणसे वर आली. तेव्हा मला फोन आला. "सर, लावलं ते वेखंड, अन् उगवलं हे काय ओ?"

ते पाणकणीस होते. काही जण त्याला रामबाण म्हणतात. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांनी एकमेकांवर उगारलेली एरका ती हीच, असे मानले जाते, आणि तळ्याची अवस्था पाहता ते मला त्या दिवशी अगदी पटले. पाणकणसाच्या एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात आणि त्या कापसासारख्या तंतूंवर वाऱ्याने उडतात. त्यामुळे पुढची कणसे फुटून बी उडण्याआधी काहीतरी करणे भाग होते.

कोवळ्या अवस्थेत या दोन वनस्पतींत घोटाळा होतो, पण तो टाळणे अवघड नाही. पान चुरगळून हुंगावे: वेखंडाच्या पानालाही कंदासारखाच, थोडा सौम्य आणि किंचित संत्र्याच्या सालीकडे झुकणारा वास असतो, पाणकणसाच्या पानाला ओल्या गवताखेरीज काही वास नसतो. वेखंडाच्या पानाला एक ठळक मधली शीर असते आणि ती बहुधा मधोमध नसून एका बाजूला सरकलेली असते. बोट फिरवले तर ती हाताला लागते. पुष्कळदा पानाची एक कड आखडल्यासारखी चुणीदार दिसते. पाणकणसाच्या पानाला अशी शीर नसते, ते आडवे कापले तर आत हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते. वेखंडाच्या पानाचे बूड तांबूस-गुलाबी असते. फुलोऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. पाणकणसाचे कणीस ताठ दांड्याच्या टोकाला उभे असते, तर वेखंडाचे दोन-चार इंचांचे हिरवट-पिवळे स्थूलकणिश, म्हणजे जाड, मांसल कणसासारखा फुलोरा, पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्याच्या कुशीतून तिरके, करंगळी वर काढावी तसे बाहेर येते, आणि त्याच्या वरचा पानासारखा भाग पुढे तसाच सरळ वाढत गेल्यासारखा भासतो.

या कणिशामुळेच वेखंडाला पूर्वी अळू आणि सुरणाच्या कुलात बसवले जात असे. लिनीअसने १७५३ साली त्याला अकोरस कॅलॅमस हे नाव दिले. आता त्याचे स्वतंत्र कुल मानतात, आणि गवते, कांदा, केळी, ताड, ऑर्किड अशा आज जिवंत असलेल्या बाकी सर्व एकदल वनस्पतींपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा ती हीच, असे जनुकीय पुराव्यांवरून दिसते. म्हणजे ज्वारी आणि ऊस हे एकमेकांचे जितके जवळचे नातलग, तितकाच वेखंड त्या दोघांपासून दूर.

पाणकणीस काढण्यासाठी आम्ही उपटण्याचा मार्ग घेतला नाही, कारण तुटलेल्या कंदाच्या प्रत्येक तुकड्यातून ते पुन्हा येते. त्याचा चिखलातला कंद हवेसाठी वरच्या पानांवर अवलंबून असतो. पानांतल्या आणि वाळक्या देठांतल्याही पोकळ्यांतून हवा खाली जाते. म्हणून तळे भरल्यावर, सप्टेंबरच्या पावसानंतर, देठ पाण्याखाली वीतभर खोल कापले आणि तीन आठवड्यांनी नव्याने आलेले कोंब पुन्हा तसेच कापले. काठाजवळच्या उथळ भागात हे जमले नाही, तिथे कुदळीने खणावे लागले. पुढच्या उन्हाळ्यात तळे आटल्यावर उरलेले कंद वेचून वाळवले आणि जाळले. आजही एखादा कोंब दिसतो.

खरे रोप मिळाले ते सुनेच्या माहेरच्या ओळखीतून, कर्नाटकातल्या तुमकुरू भागातून, जिथे नारळी-पोफळीच्या बागांच्या सखल जागांत आणि भाताच्या खाचरांत वेखंडाची शेती होते. जूनच्या अखेरीस ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, डोळे असलेले कंदांचे तुकडे आले. प्रत्येक तुकड्याला पानाचा हिरवा कोंब होता. आजींनी एक तुकडा मोडून हुंगला आणि निर्वाळा दिला.

लागवड कुठे करायची यावर मात्र माझे आणि अण्णांचे मत जुळले नाही. त्यांना सगळे तुकडे तळ्याच्या कडेला हवे होते. मी तीन जागा सुचवल्या, आणि खरे सांगायचे तर त्यांतली तिसरी मी केवळ तुकडे उरले म्हणून सुचवली होती. पहिली जागा तळ्याची कड, पावसाळ्यातल्या भरल्या पाण्याच्या रेषेवर. दुसरी घरामागचा सांडपाण्याचा खड्डा, जिथे मोरीचे आणि भांड्यांचे पाणी बारमाही येते. तिसरी गुरांच्या हाळाखालची चिंचोळी पट्टी. हाळ म्हणजे जनावरांना पाणी पाजण्याचा दगडी हौद. त्याच्या एका सांध्याला बारीक चीर होती आणि तिथून पाणी झिरपून खालची चार-पाच पावलांची जमीन नेहमी ओली राहत असे. तिन्ही ठिकाणी तुकडे फूटभर अंतरावर, दोन बोटे खोल, कोंब वर ठेवून लावले. मी अण्णांना म्हटले की दिवाळीपर्यंत तिन्ही जागा सारख्याच दिसतील, आणि तसेच झाले. सप्टेंबरमध्ये तर तळ्याची कड सर्वांत देखणी होती.

त्यानंतर पाणी मागे जाऊ लागले. सोलापूरचा पाऊस ऑक्टोबरात परतीच्या सरींबरोबर संपतो, आणि तिथून पुढे सात-आठ महिने तळ्याला फक्त जिरणे आणि वाफ होणे उरते. उतार सौम्य असलेल्या या तळ्यात पाण्याची पातळी हातभर खाली गेली की पाण्याची कड कितीतरी पावले आत सरकते. डिसेंबरात वेखंडाच्या रांगेपासून पाणी दहा पावलांवर होते, मार्चमध्ये तीसहून अधिक, आणि एप्रिलच्या शेवटी तळ्याच्या मध्यावर म्हशींना लोळण्यापुरता चिखल उरला होता. वेखंडाची रांग होती तिथेच होती. जानेवारीत तिची पाने टोकाकडून पिवळी पडली, फेब्रुवारीत जमीन भेगाळली, आणि भेगांमध्ये उघडे पडलेले कंद मार्चच्या उन्हात असे वाळले की ते थेट दुकानात नेऊन विकता आले असते. मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या वर ठाण मांडून बसतो, तेव्हा मी रांगेतले पंधरा-वीस कंद खणून पाहिले. एकातही ओल नव्हती.

तळ्याकाठची वनस्पती तळ्याच्या काठावर लावली आणि ती मेली, हे ऐकायला विपरीत वाटते, पण चूक काठ या शब्दात आहे. वेखंडाबद्दल जे काही लिहिले जाते ते बहुतेक अशा प्रदेशांना धरून असते, जिथे काठ ही जागा आहे: ओहोळ बारमाही आहेत, दलदल उन्हाळ्यातही दलदलच राहते, खाचरात दोन-तीन इंच पाणी बांधून ठेवता येते. आपल्याकडे काठ ही वर्षभर चालत राहणारी रेषा आहे. हिप्परग्याचा तलाव असो, उजनीचा जलाशय असो की ओढ्यावरचे शेततळे असो, ऑक्टोबरातला काठ आणि मेमधला काठ या दोन वेगळ्या जागा असतात, आणि उजनीच्या बाबतीत तर त्यांच्यामधल्या गाळपेरात लोक पिके घेऊन मोकळे होतात. पाणकणीस या चालीला तोंड देते, कारण त्याचा कंद झपाट्याने पाण्यामागे धावतो आणि खोल गाळात दडून राहतो. वेखंडाचा कंद पृष्ठभागालगत, आडवा, संथपणे सरकतो. हवा नसलेल्या चिखलात दीर्घकाळ तग धरण्याची त्याची क्षमता विलक्षण आहे, पण ती बुडण्याविरुद्धची आहे, वाळण्याविरुद्धची नाही.

त्यातून बीजाने पुन्हा उगवण्याची वाटही त्याला बहुधा बंद असते. युरोपात सोळाव्या शतकात आशियातून आलेले वेखंड आज तिथल्या कितीतरी तळ्यांच्या काठी आहे, पण ते गुणसूत्रांचे तीन संच असलेले, वांझ आहे. म्हणजे तो सगळा विस्तार कंदाच्या तुकड्यांनी झालेला आहे. भारतात तीन आणि चार संचांचे असे दोन्ही प्रकार आढळतात, आणि इथेही लागवड कंदानेच होते. ज्या काठावर कंद वाळला तिथला वेखंड संपला, पुढच्या पावसात तो आपोआप येणार नाही.

घरामागच्या खड्ड्यात याच्या उलट घडले. तिथे वेखंड मेमध्येही हिरवेगार होते, कमरेएवढे वाढले होते. पानांची टोके तेवढी करपली होती, ती बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी आणि साबणाने असावीत. पण त्या कंदांचा उपयोग काय, हा प्रश्न होता. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी पाणवनस्पतींचे वाफे करतात त्यांत वेखंडही वापरतात, कारण ते पाण्यातली पोषकद्रव्ये आणि काही जड धातूही शोषून घेते. जे झाड मोरीचे पाणी स्वच्छ करते त्याचा कंद घरात पोटात घेण्यासाठी किंवा कोणाला विकण्यासाठी काढू नये, असे मी स्पष्ट सांगितले, आणि ते कोणाला आवडले नाही. आजही ती जागा तशीच आहे. डास कमी झाले असे सून म्हणते. मला तसे दिसले नाही.

हाळाखालची पट्टी मात्र उन्हाळ्यातून धडधाकट निघाली. तिथले पाणी खोल नव्हते, वाहते नव्हते, फारसे नव्हतेच. पण ते रोज होते आणि त्याच जागी होते. दावणीला जनावरे असेपर्यंत हाळ भरला जाणार, आणि हाळ भरलेला असेपर्यंत चीर गळणार. शेणामुताच्या ओघळाने खत मिळत होते. हाळाच्या भिंतीची सावली दुपारनंतर पट्टीवर पडत होती, आणि आपल्या मे महिन्यात तिचे मोल पाण्याइतकेच धरावे लागेल. म्हशींनी पाने खाल्ली नाहीत, एकदा हुंगून तोंड फिरवले. जुलैत तिथे दोन स्थूलकणिशे आली. मी ती शेवटपर्यंत पाहिली, एकातही बी धरले नाही.

लागवडीनंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारीत, म्हणजे पाने पिवळी पडून कंद पक्व झाल्यावर, या पट्टीचा अर्धा भाग खणला होता. दोन पाट्या कंद निघाले. ते धुऊन, तुकडे करून, सावलीत आणि मग उन्हात वाळवले तेव्हा एक पाटीही भरली नाही. विक्रीच्या दृष्टीने हे काहीच नव्हे, आणि विक्रीचा विचार अण्णांनी तिथेच सोडला. घरात ते कशासाठी वापरायचे यावर पुढचा वाद झाला, आणि तो आजींशी होता.

आजींना नव्या पणतूसाठी बाळगुटीत घरचे वेखंड उगाळायचे होते. दुकानातले कुठले कसले, आता आपल्या दारचे आहे, हा त्यांचा युक्तिवाद. मला त्यांना सांगावे लागले की दारचे असणे आणि निर्धोक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उत्तर अमेरिकेतल्या दोन संचांच्या जातीत ते जवळजवळ नसते, तीन संचांच्या प्रकारात थोडे असते, आणि आपल्याकडे आढळणाऱ्या चार संचांच्या प्रकारात तेलाचा मोठा भाग तेच असते. उंदरांवरच्या प्रयोगांत ते दीर्घकाळ खाऊ घातल्यावर आतड्यात गाठी झाल्याचे आढळल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ साली वेखंड आणि त्याचे तेल खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. आयुर्वेदात वचा शोधन म्हणजे शुद्धीकरण करून, मात्रेने आणि वैद्याच्या देखरेखीखाली देण्याचा दंडक आहे. सहाणेवर अंदाजाने दिलेले वेढे म्हणजे तो दंडक नव्हे. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये हे बालरोगतज्ज्ञांचे सांगणे आहेच. आजी गप्प राहिल्या. बाळाला वेखंड दिले की नाही ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी तरी सहाण कोनाड्यातच राहिली.

ज्वारीच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने होतो. बीटा-असारोन किडींच्या प्रजननावर आघात करते, हे भारतीय संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले होते, म्हणजे कणगीत वेखंड ठेवण्याच्या आजींच्या रिवाजाला आधार आहे. घरचे वेखंड मालदांडी ज्वारीच्या बियाण्याच्या मडक्यात गेले, खाण्याच्या ज्वारीत पूड न मिसळता अख्ख्या तुकड्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या, म्हणजे दळणाआधी त्या काढून घेता येतील.

प्रकरण इथे संपले असे मी धरून चाललो होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून आलेला नसताना, अण्णांच्या धाकट्या मुलाने सुटीत घरी आल्यावर शेतावरची डागडुजी अंगावर घेतली आणि हाळाची ती चीर सिमेंटने पक्की बुजवली. पाणी वाया जात होते, त्याचे काही चुकले नाही. दहा दिवसांनी मी गेलो तेव्हा पट्टीतली जमीन तडकू लागली होती आणि पाने मधून दुमडून खाली वाकली होती. कंद दाबून पाहिले, ते अजून टणक आणि रसरशीत होते. मुलगा म्हणाला, "परत फोडू का?" फोडण्याची गरज नव्हती. डाळिंबाच्या बागेतून निघालेली ठिबकची जुनी नळी त्याने हाळाच्या मागून ओढून आणली, पट्टीच्या दोन टोकांना तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर बसवले, आणि गुरांचे पाणी भरण्याच्या वेळी त्यांची तोटीही उघडायची असे घरात ठरले. चौथ्या दिवशी अण्णांनी फोन करून सांगितले की मधल्या बुंध्यातून नवे पान वर आले आहे, त्यांनी ते चुरगळून हुंगले आहे, आणि ते वेखंडच आहे.